अल्पवयात वारली

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतात माझ्या पणजोबांच्या नोंदीत एक छोटीशी ओळ आहे : "भगिनी १, अल्पवयात वारली." नाव नाही, साल नाही. लहानपणापासून हे जाडजूड पुस्तक मी अनेकदा चाळलंय, पण त्या ओळीवर कधी नजर थांबली नव्हती. थांबावी असं तिच्यात काही नाहीच. त्या काळी मुलं जायचीच.

ज्यांनी कुलवृत्तांत पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोकणस्थांच्या बऱ्याच घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले. उत्साही मंडळी छापील तक्ते गावोगावच्या भाऊबंदांना पाठवायची, ते भरून यायचे, त्यावरून वंशवृक्ष तयार व्हायचा. वंशवृक्षात फक्त पुरुष. बायका आणि लेकी मजकुरात, "पत्नी, माहेर अमुक", "कन्या, सासर तमुक" अशा. म्हणजे तक्ता भरणारा जे लिहील ते छापलं जाणार. ते खरं आहे का, हे बघायला कोण येणार होतं?

गावचं घर विकायचं ठरलं तेव्हा माळ्यावरून एक लाकडी पेटी खाली आली. आत वह्या. काही वाळवीने खाल्लेल्या, बऱ्याचशा शाबूत, सगळ्या मोडीत. एका भावाने सुचवलं की रद्दीत घालूया. मी घरी आणल्या. राजवाड्यांनी वाड्यांवाड्यांतून दप्तरं गोळा केली ती पेशव्यांच्या आणि सरदारांच्या इतिहासासाठी. दापोली तालुक्यातल्या एका भिक्षुक-खोताच्या नारळ-सुपारीच्या हिशेबासाठी कोणी आलं नसतं. म्हटलं, आपणच आपले राजवाडे!

पुण्यात मोडीचा वर्ग केला. मोडी वाचणं कठीण नाही, चिकाटीचं काम आहे. आधी ओळभर शिरोरेषा मारायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. तीन महिने डोळे फोडल्यावर पणजोबांचं अक्षर ओळखीचं झालं. शिवाय शक आणि तिथ्यांचा घोळ. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो खरा, पण पौष-माघ-फाल्गुनात बहुधा ७९ मिळवावे लागतात. सोबत जंत्री हवीच.

वह्या दोन प्रकारच्या निघाल्या. एक घरचा जमाखर्च. तो पणजोबा लिहीत, पण त्यांचे वडील तपासत. पानाखाली त्यांची खूण आहे. दुसरी पणजोबांची स्वतःची रोजनिशी. पाऊस, श्राद्धपक्ष, कोण आलं, कोण गेलं, असं दोन-तीन ओळींत.

पहिला खडा लागला तो जमाखर्चात. दरवर्षी जमेच्या बाजूला एक रक्कम : "आक्काचे पोटगीचे रु. २४." आक्का म्हणजे पणजोबांची थोरली बहीण. त्यांना एकच बहीण होती, म्हणजे ही तीच "अल्पवयात वारलेली". रोजनिशीतल्या उल्लेखांवरून हिशेब केला तर ती दहाव्या वर्षी विधवा झाली आणि माहेरी परत आली. सासरच्या उत्पन्नातून तिला वर्षाला चोवीस रुपये मिळत. ही पोटगी शके १८१८ पर्यंत नियमित जमा आहे आणि नंतर एकदम बंद. त्या वेळी आक्का सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची होती. हे काही अल्पवय नव्हे.

मग त्याच शकाच्या रोजनिशीत शोधलं. माघ, म्हणजे फेब्रुवारी १८९७. आक्का तेव्हा पुण्याला एका नातेवाइकांकडे स्वयंपाकाला राहिली होती. नोंद अशी : "पुण्याहून पत्र. आक्काने पाट लावला. घरात आंघोळी झाल्या. आईस ज्वर, सबब तिने केली नाही."

तीन-चारदा वाचलं. मोडी चुकतोय का म्हणून वर्गातल्या सरांनाही दाखवलं. चुकत नव्हतो.

"पाट लावणे" हा शब्दही बघा. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत विधवेचा पाट किंवा मोहतूर ही सरळ रूढ गोष्ट होती. ब्राह्मणांच्या घरात मात्र तोच शब्द शिवीसारखा वापरला जाई. कायद्याने पुनर्विवाहाला १८५६ सालीच मान्यता मिळाली होती. पण त्याच कायद्याचं दुसरं कलम सांगत होतं, की पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत नवऱ्याच्या मालमत्तेतला पोटगीचा आणि वारसाचा हक्क संपतो, जणू ती त्या वेळी मेली. चोवीस रुपये बंद झाले ते त्यामुळे. सासरच्या लेखी ती कायद्याने मेली आणि माहेरच्या लेखी आंघोळीने.

हे घडलं त्याच्या चारच वर्षं आधी, मार्च १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं होतं. कर्वे आमच्याच तालुक्यातल्या मुरुडचे. मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला, आणि त्यांना घरी ठेवून घेतलं तर घरच्यांवरही टाकण्याचं ठरवलं. हे आमच्या गावात माहीत नसेल असं होणं अशक्य. १८९४ मध्ये कर्व्यांनी पुनर्विवाहितांचा कुटुंबमेळा भरवला होता. या लोकांना एकमेकांखेरीज कोणी उरलंच नव्हतं, हे त्यांना स्वतःच्या अनुभवातून कळलं होतं.

आमच्या घरात नंतर सांगितलं गेलं, की आक्का प्लेगात गेली. त्याच महिन्यांत पुण्यात प्लेग खरोखरच माजला होता. बातमी पचायला सोपी! पुढच्या पिढीत प्लेगही गळाला आणि "लहानपणीच" शिल्लक राहिलं.

पण पणजोबांच्या रोजनिशीतून आक्का जात नाही. शके १८२० पासून दरवर्षी कार्तिक शुद्ध द्वितीयेच्या आसपास एक ओळ येते : "भाऊबीज रु. २, मनिऑर्डरीने." सोबत वऱ्हाडातल्या एका गावाचं नाव, आणि एका ठिकाणी एक आडनावही. त्याच तारखेला घरच्या जमाखर्चात पाहिलं तर भाऊबीज नाही. तिथे आहे "किरकोळ, रु. २ व हशील." वडिलांना कळू नये म्हणून, हे उघड आहे. पण वडील १९०९ साली गेले. त्यानंतर वही तपासणारं कोणी नव्हतं, तरी जमाखर्चात ते दोन रुपये शेवटपर्यंत "किरकोळ"च राहिले. या शब्दापाशी मी बराच अडकलो.

आडनाव आणि गाव हाती आल्यावर ग्रंथालयात त्या घराण्याचा कुलवृत्तांत काढला. तिथे चक्क : "पत्नी (पुनर्विवाह), माहेर" आणि पुढे आमचं आडनाव, आमचं गाव. खाली दोन मुलगे, एक मुलगी. एकाच ग्रंथालयात, एकाच कपाटात दोन पुस्तकं. एकात बाई लहानपणी वारलेली आणि दुसऱ्यात तीन मुलांची आई. गंमतच आहे.

त्या घराण्याच्या मंडळींना पत्रं पाठवली, फोन केले. दीड महिन्याने नागपूरहून एका बाईंचा फोन आला. आक्काची नात, वय चौऱ्याऐंशी. नात्याने माझी आत्या लागते. पहिलंच वाक्य : "अहो, आम्हाला तर सांगितलं होतं, आजीला माहेरच नव्हतं!"

गेलो नागपूरला. मी चाचरतच होतो. आपल्या घराने तुमच्या आजीच्या नावाने आंघोळ केली हे कसं सांगायचं? आत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, सुनेला पोळ्या टाकायला सांगितल्या आणि आतून एक पत्र्याचा डबा आणला. त्यात आजीची पोथी आणि कागदाच्या चिठ्ठ्यांची एक गड्डी. "ह्या कसल्या ते कोणालाच कळलं नाही. बाबांनाही मोडी येत नव्हती. आजीने जपल्या म्हणून आम्ही जपल्या."

मनिऑर्डरीची कुपनं होती ती. पैसे घेणाऱ्याकडे राहणारा तो तुकडा, त्यावर पाठवणाऱ्याने दोन ओळी लिहायची जागा असायची. एकतीस कुपनं. अक्षर पाहताक्षणी ओळखलं.

जेवणं झाल्यावर मी एकेक वाचत गेलो आणि आत्यांची सून लिहून घेत गेली. फार काही नाही हो त्यांत. "पाऊस बेताचा." "विहिरीस पाणी लागले." "मुलगा झाला." तो मुलगा म्हणजे माझे आजोबा. खुशाली विचारलेली आहे, "तू येऊन जा" असं एकदाही नाही. आमच्या पेटीतल्या ज्या वर्षांच्या रोजनिश्या वाळवीने खाल्ल्या, त्यांतल्या तीन वर्षांची कुपनं या डब्यात निघाली.

एकच कुपन कार्तिकातलं नव्हतं. शके १८३४, वैशाख. रक्कम एक रुपया. "मातोश्री शु. ५ स कैलासवासी झाली. तीन दिवस धरणे."

आईबापांच्या मृत्यूनंतर सासरी दिलेल्या मुलीने तीन दिवस अशौच पाळायचं असतं. पंधरा वर्षांपूर्वी जिच्या नावाने आंघोळी झाल्या, तिला भाऊ कळवतोय की आईचं सुतक धर. त्या आंघोळीच्या दिवशी आईला खरोखर ताप होता का, हे कोणत्याच वहीत नाही. आत्या म्हणाल्या, "नसणार ताप." मलाही तसंच वाटतं.

एवढ्यावर पणजोबा मला फार मोठे वाटू लागले असते. पण पेटीत शके १८५६ ची, म्हणजे १९३४ ची रोजनिशीही होती, आणि तिच्यात एक घडी घातलेला कागद. कुलवृत्तांताच्या तक्त्याचा कच्चा मसुदा, त्यांच्याच हातचा. "भगिनी १" असं लिहून पुढे आधी काहीतरी लिहिलंय आणि ते इतकं खोडलंय की कागद फाटलाय. त्यापुढे स्वच्छ अक्षरात : "अल्पवयात वारली." त्याच वर्षीच्या कार्तिकात दोन रुपये वऱ्हाडात गेलेले आहेत.

कारण शोधायला लांब जावं लागत नाही. त्या महिन्यांच्या रोजनिशीत धाकट्या मुलीसाठी स्थळं बघण्याच्या नोंदी आहेत, पत्रिका येताहेत, परत जाताहेत. मुलीची आत्या पुनर्विवाहित आहे असं छापून आलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांना पुरतं माहीत होतं. समजू शकतो. पण सदतीस वर्षं भाऊबीज पाठवणाऱ्या माणसाने एवढं लिहावं, हे मला अजून गिळवत नाही. तक्त्यात ती ओळ नुसती गाळता आली असती. कोणी विचारणार नव्हतं.

आत्यांचं मत वेगळं पडलं. त्या म्हणाल्या, "गाळली असती तर तू शोधलीच नसतीस." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण आजीला कधी कळलं असतं ना, तर तिने ती गड्डी चुलीत घातली असती."

मूळ कुपनं त्यांच्याकडेच आहेत, माझ्याकडे छायाप्रती. चार कुपनांवरची शाई इतकी उडालीय की तारखेपलीकडे काही लागत नाही. पुढच्या महिन्यात भिंग आणि चांगला दिवा घेऊन पुन्हा जायचंय. आत्यांनी येताना आमच्या गावचे कोकम आणायला सांगितलंय. आजी आमसुलं फार आठवायची म्हणे.