दिनविशेष : १४ जून
रक्तगटांचे संशोधक कार्ल लँडस्टायनर यांचा १८६८ मध्ये आजच्या दिवशी ऑस्ट्रियात जन्म. पूर्वी दुसऱ्याचे रक्त चढवले की कुणी वाचे, कुणी दगावे. कारण उमगत नसे. व्हिएन्नात लँडस्टायनर यांनी स्वतःचे व सहकाऱ्यांचे रक्त घेऊन एकाच्या रक्तद्रवात दुसऱ्याच्या तांबड्या पेशी मिसळल्या. काही नमुन्यांत पेशी चिकटून पुंजके झाले, काहींत नाही. त्यावरून १९०१ मध्ये त्यांनी तीन गट मांडले. चौथा, एबी, पुढच्याच वर्षी सापडला. १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मुंबईत १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी नोंदवलेला ‘बॉम्बे’ गट नेहमीच्या चाचणीत ओ भासतो, पण अशा रुग्णाला ओ रक्तही चालत नाही. म्हणूनच पिशवी देण्याआधी रक्तपेढी दोन्ही रक्तांची जुळणी तपासते. आज जागतिक रक्तदाता दिन.