बांधाशी थांबलेला रस्ता

फोनवर पुण्याचा नकाशा उघडा. आधी सदाशिव पेठ बघा, मग वाकड किंवा आंबेगाव. पेठेतली गल्ली अरुंद असेल, पण एकीत शिरलं की दुसरीतून बाहेर पडता येतं. नव्या भागात वाट संपते ती सोसायटीच्या गेटपाशी, नाल्यापाशी, नाहीतर नुसत्या भिंतीपाशी. एक जाळं, दुसरं झाड. झाडावर एका पानावरून शेजारच्या पानावर जायचं तर फांदीपर्यंत मागे यावं लागतं, आणि इथे ती फांदी म्हणजे हायवे. मग हायवे तुंबला की आपण गाड्या मोजत बसतो.

याचं खापर सरसकट आयटीवर फोडतात. मला ते पटत नाही, कारण मधला एक टप्पा सगळे विसरतात.

१९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. त्यातली टाऊन प्लॅनिंग स्कीम अशी: अनेक मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, आधी रस्ते आखायचे, मग उरलेल्या जागेचे नीट आकाराचे प्लॉट पाडून ज्याचे त्याला परत द्यायचे. या परत मिळालेल्या तुकड्याचं नाव फायनल प्लॉट. शिवाजीनगरच्या, म्हणजे जुन्या भांबुर्ड्याच्या, पत्त्यांत अजून 'एफ. पी. नंबर' दिसतो तो हाच.

पुढे शहर शेतांवर पसरलं तेव्हा ही पद्धत मागे पडली. एकेका सर्व्हे नंबरचा लेआउट सुटा मंजूर होऊ लागला. वाटण्या होऊन शेतांच्या लांबट पट्ट्या झालेल्या. बिल्डर आपल्या पट्टीत रस्ता करणार आणि बांधाशी थांबणार. शेजारच्याचा रस्ता काही वर्षांनी भलत्याच जागी निघणार. गुंठेवारीत तर ३३ बाय ३३ फुटांचा गुंठा विकायचा, म्हणजे रस्त्याला सोडलेला प्रत्येक फूट तोट्याचा. २००१च्या कायद्याने अशी घरं नियमित करायची सोय झाली. पण कागद नियमित झाला म्हणून गल्ली रुंद होत नाही.

गंमत म्हणजे १९६०पर्यंत अहमदाबादही याच मुंबई राज्यात होतं. त्यांनी स्कीम सोडली नाही. तिथला ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड उभा राहिला, त्यात या स्कीमचा मोठा वाटा आहे.

पुण्यात २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली. हिंजवडीच्या शेजारी माण-म्हाळुंग्याला पीएमआरडीएने टीपी स्कीम हाती घेतली आहे. बाकी गावांतले बांध अजून शेतातच आहेत, आणि प्लॉटिंगचे बोर्ड लागलेत.