भुतालाही जात असते

अमावास्येची रात्र, गावाबाहेरचा पिंपळ, विहिरीवर उभी पांढऱ्या साडीतली बाई. अशा गोष्टींची ओढ कुणाला नसते? २०१८ साली 'तुंबाड' आला, २०२४ साली 'मुंज्या' आला. आपल्या वस्त्यांमधली पोरंही ते आवडीने बघून आली. आम्ही त्यांना नावं ठेवणार नाही. आजीच्या कुशीत शिरून अशा गोष्टी आम्हीही ऐकल्या आहेत. पण मित्रांनो, इतिहास म्हणून या भुतांकडे पाहायचं, तर एक प्रश्न विचारावाच लागतो : ही भुतं मेल्याआधी कोण होती?

मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मेला, तो ब्राह्मण मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. म्हणजे मुंजा व्हायचं तर आधी मुंज झालेली हवी. पापी ब्राह्मण मेला की ब्रह्मराक्षस होतो. राक्षस झाला तरी नावातलं 'ब्रह्म' काही सुटत नाही. शूद्र मेला तर देवचार. बायकांची भुतं तर नवऱ्यावरून ठरतात : सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट. जातीची आणि बाईपणाची उतरंड स्मशानातही मोडत नाही. उलट तिथे ती भीतीच्या रूपात पक्की होते.

हे आमच्या मनातलं नाही. १९१५ साली एन्थोवेन या इंग्रज अधिकाऱ्याने कोकणच्या लोकसमजुतींचं पुस्तक छापलं, त्यात भुतांची अशी वर्गवारी आहे. त्यातली माहिती जॅक्सन या अधिकाऱ्याने जमवली होती, आणि ती पुरवली होती गावोगावच्या शाळामास्तरांनी. त्या काळात अस्पृश्यांची पोरं शाळेच्या दाराबाहेर बसत होती. मग 'लोकसाहित्य' म्हणताना त्यातले 'लोक' कोण, हे विचारायला नको?

आता दुसरी बाजू बघा. गावाला ज्या जागांची भीती वाटायची, त्या कोणत्या? वेस, शीव, मसणवटा, मेलेली गुरं टाकायची जागा. आणि तिथे रात्री-अपरात्री कोण जात होतं? आपले पूर्वज. शिवेची राखण, मर्तिकाचा सांगावा परगावी पोचवणं, सरणाची लाकडं वाहणं, मेलेलं जनावर ओढणं. गाव कड्या लावून भुताच्या गोष्टी सांगत होतं, तेव्हा महार हातात काठी घेऊन त्याच अंधारात वेठ करत होता. गावाची भुताटकीची वेळ ती आपली कामाची वेळ होती. या वेठीला 'वतन' असं गोंडस नाव होतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध बिल आणलं, ते उगाच नाही.

भूत आणि राक्षस कुणाला म्हणायचं, हा सत्तेचा प्रश्न आहे, हे जोतीराव फुल्यांनी १८७३ सालीच ओळखलं. 'गुलामगिरी'त त्यांनी राक्षसाला रक्षक म्हटलं आणि म्हसोबात बळीराजाचा महासुभा पाहिला. त्यांच्या व्युत्पत्तीवर भाषापंडितांनी खुशाल वाद घालावा. हरलेल्याला राक्षस कोण ठरवतं, हा त्यांचा सवाल आजही खणखणीत उभा आहे.

कुणी म्हणेल, गोष्टच तर आहे, एवढं काय? गोष्ट पडद्यावर असते तोवर गंमत असते. तीच गावात उतरली की एखाद्या एकट्या म्हातारीवर करणीचा आळ येतो आणि 'भूत उतरवायला' आजारी पोरीला झोडपलं जातं. म्हणून तर महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर.

भुताचा धंदा चालतो तो अतृप्त आत्म्यावर. आत्मा अतृप्त राहिला तरच शांतीला भट लागतो आणि भटाला दक्षिणा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा त्यात आहे. त्या एका प्रतिज्ञेने आपल्या घरातली सगळी भुतं बेघर झाली.

म्हणून सिनेमा जरूर बघा, गोष्टीही ऐका. मात्र घरी आल्यावर आजोबांना विचारा, रात्री शिवेवर कोण उभं असायचं. ती गोष्ट अजून कुणी पडद्यावर आणलेली नाही. ती आपल्यालाच लिहावी लागेल.

जय भीम!