साडीने कॅन्सर होतो का? कपड्यांमधल्या धोक्यांचं खरं-खोटं

“साडी नेसल्याने कॅन्सर होतो” हा मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर एकदा तरी आला असेल. २०२४ च्या नोव्हेंबरपासून तो फिरतोय. त्याच्या जोडीला दुसराही असतो: “पॉलिस्टर म्हणजे प्लास्टिक, अंगावर घातलं की विष रक्तात जातं.” या दोन्ही मेसेजमध्ये थोडंफार तथ्य आहे. पण ते मेसेज लिहिणारा बोट दाखवतो तिथे नाही, भलतीकडेच आहे. कपड्यांमुळे आपल्या भागात लोकांना खरंच काय काय होतं, हे एकदा नीट बघूया.

आधी साडीचं बघू

बातमी खरी होती. वर्ध्याजवळच्या सावंगी मेघे इथलं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि बिहारमधलं मधुबनी मेडिकल कॉलेज, इथल्या डॉक्टरांनी दोन बायकांच्या केसेस ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात छापल्या. पहिली सत्तर वर्षांची. तिच्या उजव्या कुशीवर दीड वर्ष न भरणारी जखम होती. ती रोज साडीखाली परकर नेसायची आणि त्याची नाडी कंबरेला आवळून बांधायची. दुसरी साठीच्या पुढची. तिने चाळीस वर्षं लुगडं नेसलं होतं, तेही परकराशिवाय, थेट कंबरेवर घट्ट गाठ मारून. तिची जखम दोन वर्षं भरत नव्हती. तपासणीत दोघींनाही त्वचेचा कॅन्सर निघाला, आणि दुसरीच्या बाबतीत तो जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

यात साडीचा दोष नाही. वर्षानुवर्षं त्याच जागी, त्याच दाबाने घासणारी नाडी हे कारण आहे. सतत घासून कातडी पातळ होते, रंग बदलते, सोलवटते, जखम होते. जखम भरायच्या आत दुसऱ्या दिवशी तीच नाडी तिथेच बसते. अशा जुनाट जखमेत क्वचित कॅन्सर तयार होतो. डॉक्टर त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. जुन्या भाजल्याच्या वणातही असंच होऊ शकतं.

गंमत म्हणजे हे नवं नाहीच. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली भारतीय लोकांच्या सवयींशी जोडलेल्या कॅन्सरवर लेख लिहिला. त्यात धोतर बांधण्याच्या जागी होणाऱ्या कॅन्सरचं वर्णन होतं. पॉलिस्टर तेव्हा भारतात आलंही नव्हतं. ते धोतर सुती होतं. त्यामुळे “सुती घाला, सगळं ठीक होईल” असं म्हणणाऱ्याने हे एक उदाहरण लक्षात ठेवावं. कापड कशाचं आहे यापेक्षा ते किती घट्ट आणि किती वेळ एकाच जागी आहे, हे इथे महत्त्वाचं ठरलं.

असा कॅन्सर फारच कमी जणांना होतो. घाबरून कपाटातल्या साड्या वाटून टाकायची गरज नाही. पण खानदेशात साठी-सत्तरीच्या अनेक बायका आजही लुगडं नेसतात आणि कंबरेवरचा काळा पट्टा “हे असंच असतं” म्हणून सोडून देतात. संध्याकाळी नाडी सोडल्यावर पडलेले करकोचे रात्रीतून गेले तर काळजी नाही. जागा काळी किंवा पांढरी पडली, खरखरीत झाली, खाजायला लागली, तर नाडी बदला. दोरीसारख्या गोल नाडीऐवजी दोन-तीन बोटं रुंद, चपटी पट्टी लावा, आणि गाठ रोज त्याच जागी मारू नका. जखम महिनाभरात भरली नाही तर मलमं लावत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा. त्या दोन बायकांच्या बाबतीत वेळ गेला तो इथेच. कंबरेची जखम परक्या डॉक्टरला दाखवायची कशी, हा संकोच किती महाग पडतो ते त्या केसेसवरून दिसतं.

नशिराबादचा मे महिना आणि टेरिकॉटची पँट

आता पॉलिस्टर. जळगावहून भुसावळकडे निघालं की महामार्गावर नशिराबाद लागतं. मे महिन्यात या पट्ट्यात पारा ४४-४५ च्या घरात जातो. आजूबाजूला सगळा कपाशीचा मुलूख. जळगावात, अमळनेरात कधीकाळी कापडाच्या गिरण्या चालायच्या. त्याच मुलखातले लोक आज अंगावर बहुतेक वेळा पॉलिस्टर किंवा त्याची भेसळ घालतात, कारण ते स्वस्त पडतं, चुरगळत नाही आणि पटकन वाळतं. जगभरातही तयार होणाऱ्या धाग्यांत निम्म्याहून जास्त वाटा आता पॉलिस्टरचा आहे.

फरक पडतो तो घामात. सुती धागा हवेतलं पाणी स्वतःत धरतो, त्याच्या वजनाच्या साधारण आठ टक्के. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून साध्या विणीच्या पॉलिस्टरच्या कपड्यात घाम धाग्यात न शिरता कातडीवरच साचतो. (खेळाडूंचे ड्राय-फिट टी-शर्टही पॉलिस्टरचेच असतात, पण त्यांची वीण घाम बाहेर खेचेल अशी मुद्दाम केलेली असते. तेव्हा सगळं पॉलिस्टर एका मापाने मोजू नका.) ओल, उष्णता आणि घर्षण एकत्र आलं की आधी घामोळं येतं, आणि मग येतो नायटा.

भारतात कपड्यांशी संबंधित सगळ्यात मोठा त्रास कोणता असेल तर हाच. गेल्या दहा-बारा वर्षांत नायट्याची साथ देशभर पसरली आहे. जांघेत, कंबरेच्या इलास्टिकखाली, छातीखाली गोल लाल चट्टे उठतात आणि कडेने वाढत जातात. या बुरशीचा एक प्रकार इतका भारताशी जोडलेला आहे की २०२० साली जपानी संशोधकांनी त्याला नावच ट्रायकोफायटन इंडोटिनी असं दिलं. नेहमीच्या गोळ्यांना तो अनेकदा दाद देत नाही.

साथ पसरायला घट्ट जीन्स आणि लेगिंग्जचा हातभार आहे, पण खरा घोळ मेडिकलच्या काउंटरवर होतो. आपण “खाजेचं काहीतरी द्या” म्हणतो आणि स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब घेऊन येतो. दोन दिवसांत खाज थांबते. बुरशी मात्र आत वाढतच राहते आणि महिन्याभराने दुप्पट होऊन येते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने बऱ्याच स्टेरॉइड मलमांच्या विक्रीला डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केली. तरी ती मागून मिळतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

नायटा झालेल्या माणसाचे कपडे, टॉवेल, चादर घरच्या कपड्यांत एकत्र भिजत घालू नका. गरम पाण्याने वेगळे धुवा, उलटे करून कडक उन्हात वाळवा. ऊन तर आपल्याकडे फुकट आणि भरपूर आहे. घाम आल्यावर कपडे बदला, आणि दमट कपडे पुन्हा अंगावर चढवू नका. औषध डॉक्टर सांगतील तितके आठवडे घ्या, चट्टा दिसेनासा झाला म्हणून मध्येच सोडू नका.

रंग कुठे जातो?

सुती कापडावरचे बरेच रंग धाग्याला रासायनिक बंधाने चिकटतात. पॉलिस्टरसाठी ‘डिस्पर्स’ नावाचे रंग वापरतात, ते धाग्यात नुसते मुरलेले असतात. घाम आणि घासणं मिळालं की त्यातला थोडा रंग कातडीवर उतरतो. यांपैकी डिस्पर्स ब्लू १०६ आणि १२४ हे दोन रंग अ‍ॅलर्जीसाठी विशेष बदनाम आहेत, आणि ते असतात गडद निळ्या, काळ्या कपड्यांत. म्हणजे आपल्या आवडत्या काळ्या लेगिंगमध्येही असू शकतात.

ही अ‍ॅलर्जी ओळखायची एक खूण डॉक्टर सांगतात. कपड्यामुळे असेल तर पुरळ काखेच्या कडेने उठतं, जिथे कापड घासतं, आणि काखेचा खोलगट भाग कोरा राहतो. डिओडोरंटमुळे असेल तर नेमकं उलट, आतला भाग लाल होतो. पक्कं करायचं असेल तर पॅच टेस्ट होते. पाठीवर संशयित पदार्थांच्या छोट्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी आणि पुन्हा चार दिवसांच्या सुमारास बघतात. जीन्सच्या बटणाखाली, बेंबीजवळ गोल चट्टा उठत असेल तर मात्र रंगावर संशय घेऊ नका. ते बटणातलं निकेल असतं.

आणि कॅन्सर? काही अ‍ॅझो रंग शरीरात तुटून अशी रसायनं सोडतात ज्यांचा कॅन्सरशी संबंध आहे. रंगाच्या कारखान्यांत बेंझिडीन हाताळणाऱ्या कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर झाल्याचं जुनं, पक्कं संशोधन आहे. म्हणून जर्मनीने १९९४ मध्ये, युरोपियन युनियनने २००२ मध्ये यावर निर्बंध आणले. भारतानेही १९९० च्या दशकातच अशा ११२ रंगांवर बंदी घातली. पण कामगार रोज भुकटी श्वासातून घेतो तो डोस आणि आपण घातलेल्या सदऱ्यातून मिळणारा डोस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पॉलिस्टरचे कपडे घातल्याने माणसांना कॅन्सर झाला, असं सिद्ध करणारा पुरावा नाही. बिनलेबलचं, रंग जाणारं कापड टाळावं, एवढाच यातला व्यवहार.

फॉर्मल्डिहाइडचं प्रकरण तर सुती कापडावरच उलटतं. ‘इस्त्री नको’ म्हणून विकले जाणारे शर्ट चुरगळू नयेत म्हणून ज्या रेझिनने पक्के करतात, त्यातून हा वायू थोडा थोडा सुटतो. हे रेझिन लागतं सुती, रेयॉन आणि मिश्र कापडाला, शुद्ध पॉलिस्टरला त्याची गरजच नसते. म्हणजे लेबलवर ‘१०० टक्के कॉटन’ असून अंगाला खाज सुटू शकते. जपानमध्ये यावर १९७० च्या दशकापासून कायदा आहे आणि तान्ह्या मुलांच्या कपड्यांसाठी मर्यादा सगळ्यात कडक आहे. नवीन कपडा घालण्याआधी धुतला तर सुटं फॉर्मल्डिहाइड आणि मोकळा रंग बऱ्यापैकी निघून जातो.

आपल्याकडे बाळाला पहिली दुपटी नवीन कापडाची करत नाहीत, आजीच्या जुन्या सुती लुगड्याची करतात. शेकडो वेळा धुतलेल्या त्या कापडात ना मोकळा रंग उरलेला असतो, ना खळ. ही पद्धत अजिबात सोडू नका.

पण ते लुगडं ट्रंकेतून काढताना डांबराच्या गोळ्यांचा वास येत असेल तर थांबा. त्या गोळ्यांत बहुधा नॅफ्थलीन असतं. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटतात आणि जोराची कावीळ होते. ही कमतरता भारतात दुर्मिळ नाही, मुलग्यांमध्ये जास्त दिसते, आणि तपासल्याशिवाय कळत नाही. बाळाचे कपडे आणि पांघरुणं त्या गोळ्यांसोबत ठेवूच नका. ठेवली गेली असतील तर धुवा, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हा-वाऱ्यात टाका, आणि शंका असेल तर दुसरंच कापड घ्या. असं कापड वापरल्यावर बाळ पिवळं दिसलं किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

“नैसर्गिक” शब्दाला भुलणाऱ्यांसाठी जाता जाता एक गोष्ट. परीट लोक पूर्वी कपड्यांवर खूण करायला बिब्बा वापरायचे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कंबरेवर नेमक्या त्या खुणेखाली फोड उठायला लागले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी शोध घेतला. आपल्या माणसाने बघताच सांगितलं असतं, बिब्बा उतलाय!

चूल आणि फवारणी

सुती कापड पेटतं आणि जळून राख होतं. पॉलिस्टर, नायलॉन वितळतं आणि कातडीला चिकटतं, त्यामुळे भाजलेली जखम खोल होते. गॅस-चुलीपाशी आणि दिवाळीत फटाक्यांजवळ सिंथेटिक साडी, ओढणी, लहान मुलींचे नेटचे फ्रॉक नकोतच. तरी कुणाला भाजलंच तर वीस मिनिटं साधं गार पाणी ओता, आणि चिकटलेलं कापड ओढून काढू नका.

शेवटचा धोका कपाशीच्या शेतातला. सिंथेटिकच्या चर्चेत त्याचं नावही निघत नाही. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. बहुतेकांच्या अंगावर रोजचेच कपडे होते. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, पंपाचा फवारा अंगावर परत येणारा, आणि औषधाने भिजलेला सदरा दिवसभर कातडीला चिकटलेला. औषध श्वासातून जातं तसं कातडीतूनही शरीरात जातं, आणि ओलं कापड त्याला तासन्‌तास कातडीशी धरून ठेवतं.

जळगाव-धुळ्याच्या कपाशी पट्ट्यातही फवारणी अशीच चालते. त्यामुळे फवारणीचा जोड वेगळा ठेवा, पूर्ण बाह्यांचा. घरी येताच तो बाहेरच काढा आणि साबणाने अंघोळ करा. तो जोड घरच्या कपड्यांच्या बादलीत, मशीनमध्ये जाता कामा नये. वेगळ्या बादलीत, हातात रबरी मोजे घालून धुवा, कारण धुणारीच्या हातांनाही तेच औषध लागतं. पाणी आडाजवळ किंवा नाल्यात ओतू नका. बाटलीतलं न पातळ केलेलं औषध कपड्यावर सांडलं असेल, तर तो कपडा धुऊन पुन्हा घालायचा नाही, टाकून द्यायचा.