वरळीचा घुमट: नेहरू तारांगणाची वाटचाल

वरळीला डॉ. ॲनी बेझंट रोडवर, नेहरू सेंटरच्या आवारात, ३ मार्च १९७७ रोजी नेहरू तारांगण सुरू झाले. लालबाग-परळच्या गिरण्या तेव्हा तिन्ही पाळ्यांत चालत. धूर आणि दिवे यांतून चाळीच्या गच्चीवर मोजक्याच चांदण्या दिसत. गिरगाव-दादरच्या मुलांना आकाशगंगा पहिल्यांदा दिसली ती या घुमटाखाली.

घुमटाच्या मधोमध कार्ल झाइस बनावटीचा प्रक्षेपक होता. कोणत्याही तारखेचे, कोणत्याही अक्षांशावरचे आकाश तो हुबेहूब उभे करी. नेमक्या याच गुणामुळे जगभर तारांगणे अंतराळवीरांची शाळा ठरली. अमेरिकेत चॅपेल हिलच्या मोरहेड तारांगणात १९७५पर्यंत मर्क्युरी, जेमिनी आणि अपोलोचे अंतराळवीर ताऱ्यांवरून दिशा ठरवायला शिकले. यानाच्या खिडकीतून आकाशाचा लहानसा तुकडाच दिसतो. तेवढ्यावरून तारा ओळखण्याचा सराव त्यांच्याकडून करून घेतला जाई.

तो सराव नोव्हेंबर १९६९मध्ये कामी आला. उड्डाण होताच अपोलो-१२वर वीज कोसळली आणि यानाच्या दिशादर्शक यंत्रणेचा मेळ गेला. पृथ्वीच्या कक्षेत पोचल्यावर अंतराळवीरांनी ताऱ्यांवर नेम धरून तो पुन्हा बसवला. अपोलोच्या यादीत असे ३७ तारे होते. रोहिणी, व्याध, मघा, चित्रा, स्वाती, ज्येष्ठा आणि श्रवण हे सगळे त्यात होते. पंचांग चाळणाऱ्या घरात ही नावे नवी नाहीत. ती आकाशात दाखवण्याचे काम तारांगणाने केले.

१९८२मध्ये भारताचे राकेश शर्मा आणि रवीश मल्होत्रा अंतराळवीरांच्या प्रशिक्षणासाठी मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत गेले. तिथल्या केंद्रातही अंतराळवीरांसाठी तारांगण आहे. ३ एप्रिल १९८४ रोजी शर्मा झेपावले आणि सॅल्युत-७ स्थानकावर राहून आले. भारताच्या गगनयान या मानवी अंतराळ मोहिमेसाठी निवडलेले चौघेही २०२०-२१मध्ये स्टार सिटीतच शिकले. त्यांच्यापैकी शुभांशु शुक्ला जून २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोचले.

या काळात वरळीचा घुमटही बदलला. २००३मध्ये डिजिस्टार-३ ही संगणकीय यंत्रणा आली आणि आकाश पृथ्वीवरूनच दाखवण्याचे बंधन सुटले. प्रेक्षक आता शनीच्या कड्यांजवळूनही सूर्यमाला पाहू शकतो. यंत्रामागे माणसे होती, म्हणून हे उभे राहिले. व्ही. एस. वेंकटवरदन, पीयूष पांडे आणि पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेतून आलेले अरविंद परांजपे या संचालकांनी ग्रहणे आणि धूमकेतू सामान्य माणसाच्या बोलण्यात आणले. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांतल्या खेळांमुळे महापालिका शाळेतल्या मुलालाही विश्व परके वाटले नाही.

यानाची दिशा आज ताऱ्यांचे फोटो पडताळणारे कॅमेरे सांभाळतात. तरी यंत्र फसले की माणसाला असलेली ताऱ्यांची ओळखच उपयोगी पडते, हा अपोलो-१२चा धडा जुना होत नाही. भारताने २०३५पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक उभारण्याचे ठरवले आहे. तिथे जाणारे आज शाळेत असतील. २०२७मध्ये तारांगणाचा सुवर्णमहोत्सव येतो आहे. त्या वर्षी मुंबईतल्या प्रत्येक मराठी शाळेने आपली मुले इथे आणावीत आणि या ३७ ताऱ्यांपैकी निदान दहा तरी नावानिशी ओळखायला शिकवावेत. संस्थेच्या पन्नास वर्षांचा याहून चांगला गौरव होणार नाही.