रोटाव्हायरसची लस आणि आतड्यात आतडे शिरण्याचा आजार

बाळ दीड महिन्याचे झाले की पोलिओ आणि पेंटाव्हॅलंटबरोबर त्याला रोटाव्हायरसची लसही तोंडाने पाजतात. पुढचे दोन डोस अडीच आणि साडेतीन महिन्यांचे असताना. मध्य प्रदेशात सरकारी लसीकरणात ही लस 2017 साली आली, महाराष्ट्रात 2019 मध्ये. म्हणजे आपल्या मंडळातल्या आज्यांना आपली मुले वाढवताना ही लस माहीत नव्हती. त्यामुळे नातवंडाच्या वेळी घरात प्रश्न निघतो : जुलाबाच्या लसीने आतड्याला पीळ पडतो म्हणतात, ते खरे का?

या शंकेला इतिहास आहे. ‘रोटाशील्ड’ नावाची लस अमेरिकेत ऑगस्ट 1998 मध्ये मंजूर झाली. वर्षभरातच, लस घेतलेल्या 15 बाळांना इंटससेप्शन झाल्याच्या नोंदी आल्या आणि जुलै 1999 मध्ये ती देणे थांबवले गेले. ऑक्टोबरमध्ये कंपनीने ती मागे घेतली. इंटससेप्शन म्हणजे आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरणे, दुर्बिणीची नळी मिटते तसे. लोक पीळ म्हणतात, पण हा पीळ नव्हे. अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि वेळ गेला तर तो भाग निकामी होतो. रोटाशील्डमुळे हा धोका साधारण दहा हजार बाळांमागे एक इतका होता. लस न घेतलेल्या बाळांनाही हा आजार होतो, म्हणून तर शोध घेणे अवघड.

भारताची पहिली स्वदेशी लस ‘रोटाव्हॅक’. दिल्लीच्या एम्समध्ये 1980 च्या दशकात नवजात बाळांत सापडलेल्या विषाणूपासून ती तयार झाली, त्यामागे डॉ. महाराज किशन भान यांचे दीर्घ काम होते. तिची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्यात झाली. पुण्याकडचे काम केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने वढू भागातल्या गावांतून केले. एकूण 6,799 बाळे : 4,532 जणांना लस, 2,267 जणांना औषध नसलेले तसेच दिसणारे द्रव. रोटाव्हायरसचे तीव्र जुलाब निम्म्याहून थोडे जास्त टळले. पहिल्या अहवालात इंटससेप्शनची लस गटात सहा बाळे होती, दुसऱ्या गटात दोन. लस गट दुसऱ्याच्या दुप्पट होता हे धरले तर फरक मोठा नाही, आणि सर्व प्रकरणे तिसऱ्या डोसनंतरची होती.

पण हिशेब करून पाहा. धोका दहा हजारांत एक असेल तर साडेचार हजार बाळांत लसीमुळे झालेले अर्धे प्रकरणसुद्धा दिसायचे नाही. ‘रोटारिक्स’ आणि ‘रोटाटेक’ या परदेशी लसींच्या चाचण्यांत प्रत्येकी 60 हजारांहून अधिक बाळे होती, ती याच कारणाने. दिल्लीचे बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल यांनी रोटाव्हॅकची केंद्रनिहाय आकडेवारी जाहीर करण्याची मागणी केली तेव्हा बराच वाद झाला. माझ्या मते मागणी रास्त होती. तीन केंद्रांची बेरीज दाखवून शंका मिटत नाही.

खरे उत्तर लस वापरात आल्यावरच मिळणार होते. एप्रिल 2016 पासून जून 2019 पर्यंत देशातल्या 27 रुग्णालयांत इंटससेप्शनची बाळे मोजली गेली. 970 बाळे नोंदली, त्यांतली 589 विश्लेषणात घेतली. पद्धत साधी आणि हुशार आहे : आजारी बाळाची तुलना दुसऱ्या बाळाशी न करता त्याच बाळाच्या इतर दिवसांशी करायची. लसीमुळे आजार होत असेल तर डोसनंतरच्या पहिल्या एक-तीन आठवड्यांत प्रकरणांची गर्दी दिसायला हवी. तशी गर्दी दिसली नाही. 2020 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. इतर काही देशांत रोटारिक्स-रोटाटेकनंतर लाखामागे एक ते सहा जास्तीची प्रकरणे आढळली होती, भारतात तेवढीही वाढ सापडली नाही. दुसऱ्या बाजूला, लसीआधी रोटाव्हायरसच्या जुलाबाने देशात पाच वर्षांखालची सुमारे 78 हजार मुले दरवर्षी दगावत असत, असा अंदाज होता.

ही पाळत संपलेली नाही. लसीनंतर बाळाला दाखल करावे लागले, तर लस देणाऱ्या एएनएमने किंवा डॉक्टरने तातडीने कळवायचे असते, आणि नोंदीचा फॉर्म जिल्हा लसीकरण अधिकाऱ्याकडे जातो. पुढे तज्ज्ञ समिती लसीचा संबंध तपासते. साखळी तुटते ती बहुधा घराशीच. खाजगी दवाखान्यात नेताना लसीचे कार्ड घरी राहते, ‘मागच्या आठवड्यात डोस झाला’ हे सांगायचे राहून जाते, आणि ते प्रकरण मोजणीत येतच नाही.

लक्षणे ओळखायला सोपी आहेत. बाळ एकाएकी पाय पोटाशी घेऊन किंचाळते, पाच-दहा मिनिटांनी शांत होते, पुन्हा तेच. उलट्या होतात, पुढे त्या हिरवट येतात. शीत रक्त आणि शेंबडासारखी आव दिसते. बाळ मलूल पडते. अशा वेळी हिंगाचा लेप, ओव्याचे पाणी, एरंडेल यांत तास घालवू नयेत. एरंडेल तर मुळीच नको. तुळशी नगरहून जेपी रुग्णालय जवळच आहे. रात्री बेरात्रीही निघावे. सोनोग्राफीत आजार कळतो, आणि लवकर गेल्यास पुष्कळदा गुदद्वारातून हवा किंवा द्रव सोडून आतडे जागेवर येते, शस्त्रक्रिया टळते. ज्या बाळाला पूर्वी इंटससेप्शन झाले आहे त्याला ही लस देत नाहीत, म्हणून तसे असल्यास डोसआधीच सांगावे.