दगडाचा मूळ रंग कोणता?

ओझरहून नाशिक ओलांडून मुंबईच्या रस्त्याला लागले, की त्रिरश्मी डोंगरातील पांडवलेणी दिसतात. शैलीतला बदल मुलांना दाखवायला ही जागा उत्तम. गौतमीपुत्र सातकर्णीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, दुसऱ्या शतकातील ३ क्रमांकाच्या लेण्यात मागच्या भिंतीवर स्तूप कोरलेला आहे. २० क्रमांकाच्या लेण्यात मात्र, पुढे महायान काळात घडलेली बुद्धाची भव्य मूर्ती बसली आहे. प्रतीकाची जागा मानवी रूपाने घेतली.

लेणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काळा दगड येतो. ही समजूत वेरूळला तपासता येते. आठव्या शतकातील राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील कैलास मंदिराला ‘रंगमहाल’ असेही नाव आहे. त्याच्या कोरीव कामावर गिलावा व रंग होता. त्याचे अवशेष आजही दिसतात. आपला बेसॉल्ट खडबडीत. त्यावर आधी गिलाव्याचा थर, मग रंग. पाऊस आणि ओल यांनी गिलावा सुटला, की रंगही गेला.

आता चीनकडे वळू. १९९६ साली शांतुंग प्रांतातील छिंगचौ येथे एका शाळेचे मैदान सपाट करताना जमिनीखाली पुरलेल्या सुमारे ४०० बौद्ध मूर्ती सापडल्या. बहुतेक चुनखडीच्या. मातीखाली ऊन-पाऊस न लागल्याने अनेकींवर लाल, हिरवा, निळा रंग आणि सोन्याचा वर्ख टिकून होता. त्यांतही शैली बदलत गेलेली दिसते. उत्तर वेई काळातील (इ. स. ३८६ ते ५३४) नंतरच्या मूर्तींची अंगे सडपातळ, वस्त्रे जाड व घड्यांची. उत्तर छी काळात (५५० ते ५७७) वस्त्र पातळ होऊन अंगाला चिकटते, शरीराची गोलाई दिसू लागते. यामागे भारतातील गुप्तकालीन मूर्तिकलेचा प्रभाव अभ्यासक मानतात. वस्त्राच्या घड्या कोरलेल्या नसल्या, तरी काही मूर्तींवर त्याची नक्षी रंगाने काढलेली असे. रंग गेला, तर त्या मूर्तीचे निम्मे म्हणणेच हरवते.

म्हणून सहलीत मुलांना विचारावे: रंग उरलाच, तर कुठे उरेल? उत्तर मुलेच शोधतील: छताखाली, खोबणीत, जिथे पाऊस पोचत नाही आणि हातही लागत नाही. ‘मूर्तीला हात लावू नका’ या पाटीचे कारणही मग वेगळे सांगावे लागणार नाही.